आखलेल्या रेषांच्या आत

प्रौढ वयाच्या माणसाने, कचेरीचे दप्तर आवरून झाल्यावर किंवा स्वयंपाकघराची झाकपाक उरकल्यावर, दुसऱ्या कोणी रेखून ठेवलेल्या चित्रात रंगपेन्सिलीने रंग भरीत बसावे, या गोष्टीकडे आपला समाज अद्यापि काहीशा संकोचाने पाहतो. पत्ते खेळणाऱ्याला कोणी जाब विचारीत नाही, शब्दकोडे सोडवणाऱ्याच्या बुद्धीचे तर कौतुकच होते. परंतु रंगवही उघडून बसलेल्या पन्नाशीच्या गृहस्थाला ‘हे काय पोरासारखे’ असा प्रश्न ऐकावा लागतो, आणि तो प्रश्न पुष्कळदा त्याच्या स्वतःच्याच मनातून उठलेला असतो. ज्यांना पोरकटपणाची तक्रार करावयाची नसते ते निर्मितीची बाब पुढे करतात: आकृती दुसऱ्याची, रेषा दुसऱ्याची, मग रंगवणाऱ्याचे त्यात काय उरले? माझे म्हणणे असे की, या छंदातील जी गोष्ट उणी म्हणून दाखवली जाते तीच, म्हणजे दुसऱ्याने आखून दिलेली मर्यादाच, त्याच्यापासून मनाला मिळणाऱ्या विश्रांतीचे मूळ आहे. आणि ही विश्रांती औषध नसली तरी तिची गरज आजच्या प्रौढ माणसाला पूर्वीपेक्षा अधिक आहे.

पोरकटपणाच्या आरोपाला इतिहासाचा आधार नाही. १७६० च्या सुमारास लंडनच्या रॉबर्ट सेअर या प्रकाशकाने ‘द फ्लोरिस्ट’ नावाचा फुलांच्या कोरीव ठशांचा संग्रह काढला, तो मोठ्या माणसांनी जलरंगांनी रंगवावा याच हेतूने. मुलांच्या वाट्याला अशी पुस्तके आली ती त्यानंतर शतकभराने, न्यूयॉर्कच्या मॅक्लॉफलिन बंधूंनी केट ग्रीनअवे हिच्या चित्रांचे ‘लिटल फोक्स पेंटिंग बुक’ छापले तेव्हा. आणि पुढे १९०३ साली बिनी व स्मिथ यांच्या कारखान्यातून क्रेयोला या नावाचे मेणाचे रंगीत खडू अल्प किमतीत मिळू लागल्यावर रंगवही म्हणजे बालवयाची वस्तू हे समीकरण पक्के झाले. २०१३ साली स्कॉटलंडच्या जोहाना बॅसफर्ड या चित्रकर्तीचे ‘सीक्रेट गार्डन’ प्रसिद्ध झाले, तेव्हा मोठ्यांच्या हाती रंगवही प्रथमच आली असे जे लिहिले गेले ते म्हणूनच खरे नव्हे. प्रौढांचा एक जुना हक्क त्यांच्याकडे परत आला, एवढेच. एकट्या अमेरिकेत अशा पुस्तकांचा खप २०१४ मध्ये सुमारे दहा लाख होता, तो २०१५ मध्ये एक कोटी वीस लाखांच्या घरात गेल्याचा अंदाज नील्सन या संस्थेने दिला. ती लाट पुढे ओसरली. खपाच्या आकड्यांवरून कोणत्याही वस्तूची उपयुक्तता सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. पण इतक्या मोठ्या संख्येने मोठी माणसे एखाद्या गोष्टीकडे धाव घेतात तेव्हा त्यांच्या जीवनात कोणती तरी उणीव होती आणि ती त्यांना तेथे भरून निघेलसे वाटले, एवढे अनुमान काढण्यास हरकत नसावी.

ती उणीव कोणती, हे पाहण्यासाठी थोडे बालपणाकडे वळले पाहिजे. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणतज्ज्ञाने १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात मुलांच्या चित्रांच्या अवस्था वर्णिल्या आहेत. नवव्या वर्षाच्या आसपास मुलाला आपले चित्र प्रत्यक्षासारखे दिसावे अशी ओढ लागते, घर घरासारखे आणि माणूस माणसासारखा उतरला पाहिजे असे त्याला वाटू लागते, आणि हात मात्र डोळ्याच्या मागणीला पुरे पडत नाही. त्याआधी हेच मूल निळा घोडा आणि हिरवा सूर्य काढून प्रसन्न होत असे. आता ते आपल्याच चित्राचे परीक्षक होते आणि बहुधा स्वतःला नापास करते. आपल्याकडे ज्यांनी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या त्यांचा हात काही काळ तरी वळता राहिला. बाकीच्यांची रंगपेटी सहावी-सातवीच्या सुमारास कपाटात गेली ती गेलीच. ‘मला चित्र येत नाही’ हे वाक्य प्रौढ माणूस ज्या ठामपणे उच्चारतो तो ठामपणा एखाद्या जुन्या निवाड्याचा असतो, आणि तो निवाडा देणारा न्यायाधीश दहा वर्षांचा होता हे तो विसरलेला असतो. या निवाड्याने माणूस चित्रकार होण्याचे राहिले याचे मला फारसे दुःख नाही, कारण सर्वांनी चित्रकार व्हावे असे काही नाही. दुःख आहे ते याचे की, रंग निवडणे, तो कागदावर उमटताना पाहणे, दोन छटा शेजारी ठेवून त्यांचे परस्परांशी जमते की नाही हे न्याहाळणे, या ज्या साध्या तृप्ती आहेत, त्यांचेही दार त्याच निवाड्याने बंद झाले.

कोरा कागद पुढे ठेवून ‘काढा काहीही’ असे सांगितल्याने हे दार उघडत नाही. विन्स्टन चर्चिल यांच्यासारख्या धीट पुरुषाचीही कोऱ्या कॅनव्हाससमोर काय अवस्था झाली हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. १९१५ साली डार्डनेल्सच्या मोहिमेचे अपयश पदरी येऊन नौदलाचे मंत्रिपद गेले, चिंतेने मन ग्रासले, आणि त्या अवस्थेत त्यांनी रंग व कुंचले जवळ केले. पण पहिल्या दिवशी त्या शुभ्र पृष्ठभागासमोर त्यांचा हात गोठला, आणि मोठ्या भीतभीत त्यांनी वालाच्या दाण्याएवढा निळा ठिपका काय तो काढला. चित्रकार लेव्हरी यांच्या पत्नी तेथे आल्या, त्यांनी मोठा कुंचला उचलून निळ्या रंगाचे दांडगे फटकारे त्या कॅनव्हासवर ओढले, आणि तेव्हा कोठे चर्चिल यांची भीती सरली. ‘पेंटिंग अॅज अ पास्टाइम’ या त्यांच्या निबंधाचा मुख्य सिद्धान्त असा की, थकलेल्या मनाला नुसते ‘विश्रांती घे’ असे फर्मावून ते विश्रांती घेत नाही. मनाचा जो भाग झिजला आहे तो सोडून दुसऱ्या भागाला काम द्यावे, म्हणजे पहिल्याला आपोआप उसंत मिळते. हा सिद्धान्त मला पटतो. पण त्या प्रसंगात आणखीही एक गोष्ट दडलेली आहे, आणि माझ्या विषयाला ती अधिक जवळची आहे: कोणीतरी दुसऱ्याने पहिली रेघ ओढून दिल्याखेरीज ते काम सुरूच होऊ शकले नाही. लेडी लेव्हरींसारखी स्नेही व्यक्ती प्रत्येकाच्या शेजारी उभी नसते. रंगवहीतील छापील रेषा नेमके तेच काम करते.

हा केवळ तर्क नव्हे, याला प्रयोगाचा काही आधार आहे. नॅन्सी करी आणि टिम कॅसर यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयातील ८४ विद्यार्थी घेतले होते. त्यांना प्रथम आपल्या आयुष्यातील अत्यंत भीतीचा प्रसंग लिहावयास सांगून त्यांचे मन अस्वस्थ केले गेले. नंतर काहींना मंडलाची वर्तुळाकार आकृती, काहींना चौकड्यांची आकृती आणि काहींना कोरा कागद देऊन वीस मिनिटे रंगकाम करू दिले. मंडल आणि चौकडी रंगवणाऱ्यांची अस्वस्थता उतरली. कोऱ्या कागदावर मनास येईल ते रंगवण्याची पूर्ण मुभा ज्यांना होती, त्यांना मात्र तसा गुण आला नाही. हातात तेच रंग होते, मुदतही तीच होती. कमी होती ती आखलेल्या रेषेची. २०१२ साली पन्नास प्रौढांवर हाच प्रयोग पुन्हा झाला, तेव्हा मंडलाचा गुण दिसला पण चौकडीचा कोऱ्या कागदाहून अधिक असा दिसला नाही. म्हणजे प्रत्येक आखीव आकृती सारखीच उपकारक असते असे नव्हे. चौकडीची आकृती फार लवकर कंटाळवाणी होते आणि मंडलात डोळ्याला मध्यातून परिघाकडे व परिघातून मध्याकडे फिरण्यास जागा असते, हे त्याचे एक कारण असू शकेल असे मला वाटते. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातील २०१७ चा प्रयोग रोजच्या जीवनाशी अधिक मिळताजुळता होता: ११५ तरुणींपैकी काहींनी आठवडाभर रोज रंगकाम केले आणि काहींनी सुडोकूसारखी कोडी सोडवली. रंगवणाऱ्यांमध्ये खिन्नता आणि चिंता यांची लक्षणे उतरली. सोशिकपणा किंवा सजगता यांत मात्र तसा फरक आढळला नाही. मला हा दुसरा, नकारात्मक भाग पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो, कारण या छंदाकडून काय मागावे आणि काय मागू नये याची सीमा त्यात दिसते.

मर्यादेने मोकळीक कशी मिळते, हा प्रश्न आपल्याकडील गृहिणीला कोणी विचारला असता तर तिला त्यात कोडे दिसले नसते. ठिपक्यांची रांगोळी घालताना ठिपक्यांची संख्या ठरलेली असते, ते कोणत्या क्रमाने जोडावयाचे तेही बहुधा आईकडून किंवा शेजारणीकडून आलेले असते, आणि चैत्रांगणात तर सूर्य, चंद्र, तुळस, शंख, गोपद्म ही चिन्हेदेखील परंपरेने नेमून दिलेली असतात; तिचे स्वतःचे असते ते बोटांच्या चिमटीतून सुटणाऱ्या धारेचे बळ आणि आत भरावयाच्या रंगांची निवड. एवढ्याशा स्वातंत्र्यात तिला कधी गुलामी वाटली नाही. पहाटे अंगण सारवून तेथे उकिडवी बसलेली बाई दिवसभराच्या शंभर कटकटी सुरू होण्यापूर्वी जी अर्धी घटका स्वतःसाठी राखून ठेवी, तिला धर्माचे आणि रीतीचे संरक्षण होते, म्हणून त्याबद्दल तिला कोणी जाब विचारला नाही. सारवण्याचे अंगण गेले, सदनिकेच्या दारापुढे हातभर जागा उरली, आणि त्या जागेवर छापील रांगोळीचा कागद चिकटवण्याची चाल पडली. त्याबरोबर ती अर्धी घटकाही गेली. रंगवही ही रांगोळीची जागा घेईल असे मी म्हणत नाही, कारण रांगोळी दारातून जाणाऱ्या प्रत्येकासाठी असते आणि रंगवही मिटून ठेवावयाची असते. परंतु ठरलेल्या आकृतीत स्वतःचा रंग भरण्याचे जे सुख, ते दोहोंत एकच आहे.

या सुखाचे स्वरूप असे आहे की, त्यात निर्णय असतो पण जोखीम नसते. प्रौढ माणसाचा दिवस निर्णयांनी भरलेला असतो, आणि त्यांतील जवळजवळ प्रत्येक निर्णयाच्या पाठीमागे परिणामांचा हिशेब उभा असतो: मुलाला कोणत्या शाखेत घालावे, कर्जाचा हप्ता कोठून भागवावा, वरिष्ठाच्या पत्रास कोणत्या शब्दांत उत्तर द्यावे. निर्णय घेणे ही मनाची स्वाभाविक क्रिया आहे. ती थांबवली तर मन स्वस्थ न होता सुस्त होते. पाकळी जांभळी करावी की शेंदरी, हा निर्णयच आहे, त्यासाठी डोळा आणि रुची दोन्ही वापरावी लागतात. परंतु तो चुकला तर कोणाचेही नुकसान होत नाही, त्याची चौकशी होत नाही, आणि पुढच्या पाकळीला तो बदलण्याची मुभा असते. तद्वत, आकृती कोणती काढावी हा जो सर्वांत जड प्रश्न, तो दुसऱ्याने आधीच सोडवलेला असतो. अशा रीतीने मनाची निवड करण्याची शक्ती जागी राहते आणि तिच्यावरचे भय तेवढे उतरते.

म्हणूनच अमेरिकेत १९५० नंतरच्या काळात पसरलेल्या, आकड्यांवरून रंगवावयाच्या चित्रसंचांबद्दल माझे मत रंगवहीइतके अनुकूल नाही. डेट्रॉइटच्या पामर पेंट कंपनीत डॅन रॉबिन्स याने ते तयार केले. प्रत्येक कप्प्यात आकडा छापलेला, आकड्यानुसार रंगाची डबी दिलेली, आणि कोणीही रेम्ब्रांट होऊ शकतो अशी त्याची जाहिरात. तत्कालीन समीक्षकांनी त्यावर झोड उठवली. त्यांच्या रागात अभिजनांचा तोरा पुष्कळ होता हे खरे, आणि ज्या कामगाराच्या घरी आयुष्यात पहिल्यांदा कुंचला आला त्याच्या आनंदाला त्यांनी कवडीची किंमत दिली नाही हे अन्यायाचेच होते. तथापि आकड्याने रंगाची निवडही काढून घेतली की रंगवणाऱ्याकडे केवळ कारकुनी उरते, हा त्यांचा मुद्दा मला टाळता येत नाही. आजच्या मोबाइलवर बोट टेकवले की अख्खा कप्पा एका क्षणात रंगून निघतो अशी जी सोय झाली आहे, तिने उलट बाजूने घाव घातला आहे: तेथे निवड राहिली पण हात गेला. पेन्सिलीचे टोक कागदाच्या दाण्यावर घासत जाणे, दाब वाढवताच छटा गडद होणे, रेषेजवळ येताच हाताने आपोआप सावध होणे, कप्पा भरावयास लागणारा तो वेळ, हे सर्व वजा केल्यावर जे उरते त्याला मी रंगकाम म्हणणार नाही.

हाताचा हा आग्रह मी का धरतो, त्यास कारण आहे. चिंता ही बहुतेकांच्या ठायी शब्दांच्या रूपाने वावरते; झालेले संभाषण पुन्हा पुन्हा आठवणे, न झालेले मनात रचणे, एकाच वाक्याभोवती घिरट्या घालणे, हा तिचा नित्यक्रम. किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या हार्वर्डच्या मानसशास्त्रज्ञांनी २०१० साली २२५० प्रौढांकडून दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी माहिती घेतली, तेव्हा जवळजवळ ४७ टक्के वेळा त्यांचे मन हातातील कामावर नव्हते असे आढळले, आणि मन भटकत असताना माणसे कमी सुखी असतात असेही दिसले. भटकणाऱ्या मनाला शब्दांनी आवरता येत नाही, कारण शब्द हेच त्याचे इंधन. ज्या कामात डोळा आणि हात गुंततात परंतु बुद्धीवर फारसा ताण येत नाही, असे काम मात्र त्याला हळूहळू जागेवर आणते. जॅकी अँड्रेड हिने २००९ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. चाळीस जणांना दूरध्वनीवरचा एक कंटाळवाणा निरोप ऐकवला गेला. त्यांतील निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावरील छापील चौकोन व वर्तुळे पेन्सिलीने भरीत राहावयास सांगितले होते, आणि त्यांनीच पुढे निरोपातील माहिती २९ टक्के अधिक आठवून सांगितली. हाताला मिळालेल्या त्या लहानशा कामाने मनाची भटकंती रोखली असावी, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. रंग भरीत असताना आजीला नातवाचे बोलणे नीट ऐकू येते, रेडिओवरचे गाणे अधिक रुजते, ही गोष्ट ज्यांनी अनुभवली असेल त्यांना या निष्कर्षाचे नवल वाटणार नाही.

येथपर्यंत आल्यावर या छंदाच्या कैवाऱ्यांना आवर घालणेही मला अगत्याचे वाटते. पुष्कळ पुस्तकांच्या मुखपृष्ठावर उपचार हा शब्द छापलेला असतो आणि आत कार्ल युंग यांच्या नावाची ग्वाही दिलेली असते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमधील शातो-द’एक्स येथे स्थानबद्ध सैनिकांच्या छावणीचे प्रमुख असताना युंग रोज सकाळी वहीत लहानशी वर्तुळाकृती काढीत आणि तीत आपल्या चित्ताची त्या दिवशीची स्थिती पाहत, हे खरे. पण ती आकृती ते स्वतः काढीत, छापील आकृतीत रंग भरीत नसत, आणि त्यांचा हेतू विसावा नसून शोध हा होता. कलोपचार ही तर स्वतंत्र विद्या आहे. क्षयाच्या आजारात आरोग्यधामात पडून असताना चित्रे काढून सावरलेल्या एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने १९४२ मध्ये तिला नाव दिले. तीत शिकलेला उपचारक आणि रुग्ण यांच्यामधील संबंध हाच मुख्य असतो, आणि रंगवही भरणे म्हणजे कलोपचार नव्हे असे अमेरिकेतील कलोपचारकांच्या संघटनेनेच स्पष्ट केले आहे. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दोन्हींची तुलना केली. रंग भरण्यानेही ताण उतरला. परंतु कलोपचारकाच्या सहवासात हवे ते घडवण्याची मोकळीक ज्या बैठकीत होती, तिने ताण उतरवून वर उल्हास आणि आत्मविश्वासही वाढवला. हा निष्कर्ष माझ्या प्रतिपादनाला बाधक आहे असे कोणास वाटेल. मला तो पूरक वाटतो. कोऱ्या कागदाशी झुंजून मिळणारे फळ मोठेच असते, पण त्यासाठी शेजारी जाणते माणूस असावे लागते, नाहीतर २००५ च्या प्रयोगातील मुलांसारखी गत होते. ज्याची निद्रा महिनोन्महिने उडाली आहे, ज्याचे अन्नावरचे मन गेले आहे, त्याच्या हाती रंगपेटी देऊन डॉक्टरकडे जाणे तहकूब करणे हा तर अपराध आहे.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. जो छंद परीक्षकाच्या नजरेतून सुटण्यासाठी होता, त्यातच तो परीक्षक पुन्हा शिरतो: रोज एक पान झालेच पाहिजे असा नियम होतो, रंगवलेले पान लगेच चारचौघांस पाठवले जाते, किती जणांनी वाखाणले ते मोजले जाते, एकशे वीस छटांची परदेशी पेटी असल्याखेरीज काही जमत नाही असे वाटू लागते. बारा रंगांच्या साध्या पेन्सिली, बरे टोकयंत्र आणि जाडसर कागद एवढी सामग्री पुरते. पान अर्धे सोडून देण्याचा आणि झालेले पान कोणालाही न दाखवण्याचा हक्क मात्र सोडू नये.

आणि चित्रे कोणती असावीत? वृद्धाश्रमांत, रुग्णालयांच्या वॉर्डांत आणि विस्मरणाचा आजार जडलेल्या माणसांच्या घरी सद्भावनेने ज्या रंगवह्या नेल्या जातात, त्यांत ससे, फुगे आणि टोपीवाली अस्वले असतात. साठ वर्षे संसार ओढलेल्या, शेती किंवा शाळा चालवलेल्या माणसापुढे ते पान उघडले की त्याच्या चेहऱ्यावर जे येते त्याला नकार हाच शब्द योग्य. आणि तो नकार रंगाला नसून त्या पानातून त्याच्या वयाचा जो उपमर्द होतो त्याला असतो. उलट दुकानांत मोठ्यांसाठी म्हणून जे मिळते त्यात बहुधा परदेशी उद्याने आणि विलायती वेलबुट्टी. पैठणीच्या पदरावरचा बांगडी मोर, असावलीची वेल आणि मुनिया, जुन्या वाड्यांतील सुरूचे खांब, त्यांवरच्या महिरपी आणि केळफुलांची नक्षी, मेणवलीच्या नाना फडणिसांच्या वाड्यातील भित्तिचित्रे, पिंगुळीच्या चित्रकथीतील टपोऱ्या डोळ्यांची पात्रे, कासच्या पठारावरचा तेरडा, सोनकी आणि सीतेची आसवे: एवढा ऐवज घरात असताना मराठी प्रकाशकांनी तो जाणत्या चित्रकाराकडून स्वच्छ रेषेत उतरवून घ्यावा, कागद असा वापरावा की पेन्सिलीचा दाब मागच्या पानावर उमटणार नाही, रेषा थरथरत्या हातालाही सापडेल इतकी ठसठशीत ठेवावी, आणि पानाखाली दोन ओळींत त्या फुलाचे वा नक्षीचे नाव-गाव द्यावे. पैठणी नेसलेली आजी तिच्या काठाचा रंग कोणालाही विचारणार नाही. तो तिला ठाऊक असतो.